धुक्यात मत मागताना

आज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीचा रोलाडेन वर ओढला तर बाहेर काहीच नव्हतं. रोलाडेन म्हणजे इथे जर्मनीत प्रत्येक खिडकीला बाहेरून असणारा पट्ट्यापट्ट्यांचा गुंडाळता पडदा. तो रात्री पाडायचा आणि सकाळी उठवायचा. उठवायला उशीर झाला तर शेजारी आधी वाईट शंका घेतात आणि मग चौकशी करतात. कालपर्यंत खिडकीबाहेर एक कुंपण, एक सफरचंदाचं झाड आणि रस्त्यापलीकडे फ्राउ, म्हणजे श्रीमती, आइग्नर यांचं घर होतं. आज तिथे नुसतं ओलं, पांढरं काहीतरी भरून ठेवलेलं. डोनाऊ नदी आमच्या गावापासून फार लांब नाही, आणि नोव्हेंबर लागला की ती अंगावरचं पांघरूण काढून सगळ्या खोऱ्यावर टाकते. कधी दुपारपर्यंत उचलते, कधी आठवडाभर उचलतच नाही.

इथल्या पहिल्या नोव्हेंबरात मी या धुक्याचे फोटो काढून पुण्याला पाठवले होते. "वा! फुकटात महाबळेश्वर!" असा मेहुण्यांचा निरोप आला होता. आता फोटो काढत नाही. आता धुकं दिसलं की मी आधी बायकोच्या श्वासाकडे कान देतो आणि मग घड्याळाकडे बघतो.

भीती मुख्यतः कानात राहते, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. वरच्या खोलीत काही पडलं की मी जिन्याच्या अर्ध्यात पोचलेला असतो, आणि बहुतेक वेळा ते उशीवरून घसरलेलं पुस्तक असतं. चमचा ओट्यावर आपटण्याचे माझ्याकडे तीन प्रकार आहेत: घाईचा, रागाचा आणि हातातून निसटलेला. शरयू म्हणते, "तू नवरा कमी आणि धुराची घंटा जास्त झालायस. पोळी करपली तरी वाजतोस." ती बरोबर आहे. पण धुराच्या घंटेचा स्वभाव असा की तिला एकदा खरी आग दिसलेली असली, की पुढे पोळ्यांच्या बाबतीतही तिचं मन थाऱ्यावर राहत नाही.

खरी आग दोन वर्षांपूर्वीची. असाच नोव्हेंबर, असंच धुकं, सकाळचे साडेसात. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, पण दाराबाहेरचा आकाशकंदील तसाच होता, कारण त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी तो उतरवायचा नाही हा शरयूच्या माहेरचा नियम. डब्यात चिवड्याचा चुरा उरला होता. शरयू ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "पित्त झालंय बहुतेक. जबडा पण दुखतोय विचित्र."

आपल्याकडे हृदयाला कोणी विचारत नाही. छातीतल्या सगळ्या कारभाराचं मुखत्यारपत्र पित्ताकडे असतं. जागरण झालं, पित्त. चहा जास्त झाला, पित्त. उपास केला तरी पित्त आणि मोडला तरी पित्त. मी दोन इयत्ता जास्त शिकलेला, चार भाषांतली पुस्तकं घरात बाळगणारा माणूस. मी काय केलं, तर कोकम सरबत कालवलं. वर आवळासुपारी दिली. पाठीवर हात फिरवला. तिला घाम फुटला तेव्हा म्हणालो, "बघ, उतरतंय." हे वाक्य मला अजून ऐकू येतं, आणि ते माझ्याच आवाजात असतं.

मग मी दुसरी गोष्ट केली, तीही आपलीच. पुण्याला फोन लावला. शेखरदादा, म्हणजे शरयूचे थोरले भाऊ, डॉक्टर आहेत. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा एक डॉक्टर पुण्यात असतो आणि तो दवाखान्यात पेशंट समोर असतानाही व्हिडिओ कॉल उचलतो. आणि फोन वाजत असतानाच मी तिसरी गोष्ट केली: गाडीची किल्ली हातात घेतली. ॲम्ब्युलन्सची वाट बघायची हे आमच्या रक्तात नाही. पेशंटला उचलायचं, मिळेल त्या वाहनात घालायचं आणि हॉर्न वाजवत निघायचं. वडिलांना मी तसंच नेलं होतं, मावशीलाही. ती किल्ली हातात येताच मला चक्क बरं वाटलं होतं. आपण काहीतरी करतोय असं वाटलं.

शेखरदादांनी पडद्यावर बहिणीचा चेहरा पाहिला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा ओरडून बोलले, "अहो, काय दाखवताय मला? फोन ठेवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा!"

पण ती बोलावून झाली होती. आमची मुलगी इरा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते, आणि या विषयावर आमच्या घरात बरीच भाषणं होऊन गेलेली आहेत, सगळी माझी. ती दप्तर पाठीला लावून जिन्यावर उभी होती आणि एकशेबारा नंबरावर बोलत होती. रस्त्याचं नाव, घराचा क्रमांक, आईचं वय, घाम, जबडा. मधे एकदा "गेनाऊ", म्हणजे "बरोबर". तिने आम्हाला विचारलं नाही. हे इथे बालवाडीत शिकवतात म्हणे. आम्हाला बालवाडीत चांदोबावरची गाणी शिकवली होती.

आमच्या गावात ॲम्ब्युलन्स नाही. ती शेजारच्या गावाहून येते, आणि इस्पितळ इंगोलश्टाटला. पण तेव्हा आमच्याकडे मदतनिसांची एक लाल गाडी होती. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये उभी असायची. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पहिली मदत करायला त्यातून प्रशिक्षण घेतलेली माणसं यायची. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी हे काम गावकरी हौसेने करतात. दिवसा मात्र गाव रिकामं असतं, निम्मं मोटारींच्या कारखान्यात आणि निम्मं कारखान्याला नट-बोल्ट किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडे. म्हणून दिवसपाळीसाठी गावाने दोन माणसं पगारावर ठेवली होती. त्यांतल्या एक फ्राउ आइग्नर. पासष्टीच्या पुढच्या, पूर्वी शाळेची बस चालवायच्या.

तोवर त्यांचा-आमचा संबंध फक्त कचऱ्यापुरता होता. प्लास्टिकच्या पिवळ्या पिशवीत मी एकदा दह्याचा डबा न धुता टाकला, तर दुसऱ्या दिवशी तो आमच्या पायरीवर धुऊन, पुसून, पालथा ठेवलेला होता. चिठ्ठी नाही, काही नाही. अपमानाची याहून नीटनेटकी पद्धत मी पाहिलेली नाही.

त्या सकाळी त्या लाल गाडीतून उतरून, धुक्यातून भगवी बॅग घेऊन आल्या. कोकमाचा पेला अजून माझ्या हातातच होता. "माझं स्वतःचं घर दिसत नव्हतं," असं त्यांनी नंतर सांगितलं, "पण तुमचा तो केशरी दिवा दिसला." त्यांनी शरयूला जमिनीवर बसवलं, पाठ कपाटाला टेकवली, आणि शरयू त्यांना "सॉरी हं, उगाच तुम्हाला त्रास" असं मराठीतच म्हणाली, आणि मान टाकली.

पुढचं मी तुकड्यांनी सांगू शकतो. फ्राउ आइग्नर यांचे दोन्ही हात तिच्या छातीवर. कापलेला कुडता. बॅगेतलं यंत्र, आणि त्यातून बोलणारी एक शांत बाई: कृपया रुग्णाला स्पर्श करू नका. ते यंत्रही अहोजाहो करत होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि त्याही क्षणी माझ्या डोक्यातला एक निरुपयोगी भाग म्हणत होता, वा, काय भाषा आहे. मग शरयूचं सगळं शरीर एकदा उडालं. मग तिने श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज मी वर्णन करणार नाही. माझ्या कानात जी भीती राहते म्हणालो, ती त्या दिवशी तिथे राहायला आली.

ॲम्ब्युलन्स आली ती फार नंतर. फ्राउ आइग्नर तोवर गुडघ्यांवरच होत्या. इंगोलश्टाटला हृदयाच्या नळीत स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी शरयूने नर्सला सूप अळणी असल्याचं कळवलं आणि मी रडलो. गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरांना मी, उगाच प्रामाणिकपणा म्हणून, किल्लीचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही हे रस्त्यात, या धुक्यात, एका हाताने..." आणि वाक्य पुरं न करता फॉर्म भरू लागले. ते अर्धं वाक्य मी अजून पूर्ण करत असतो. कधी हायवेवर, कधी सिग्नलला. प्रत्येक वेळी मी स्टिअरिंगवर असतो आणि ती शेजारी.

आता गावाने पुढच्या उन्हाळ्यात काय केलं ते ऐका.

आमचे महापौर सद्‌गृहस्थ आहेत. त्यांना गळ्यात पदाची साखळी घालायला आवडते. ती साखळी त्यांच्यापेक्षा जुनी आणि थोडी जड आहे, त्यामुळे ते समारंभात किंचित पुढे झुकलेले असतात आणि नम्र वाटतात. गावजत्रेच्या बिअरच्या तंबूत, पितळी वाद्यांच्या गजरात त्यांनी घोषणा केली की नगरपालिका घर-जमिनीवरचा कर उतरवत आहे. तंबू उठून उभा राहिला. मीही टाळ्या वाजवल्या. कर कमी झाल्यावर टाळ्या न वाजवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. आमच्या घरामागे वर्षाला जेवढे वाचणार होते, तेवढ्यात बिअरचे दोन-तीन क्रेट आले असते.

काय गेलं ते ऑगस्टमध्ये कळलं, नगरपालिकेच्या पत्रकात, कारंज्याच्या डागडुजीच्या बातमीखाली: मदतनिसांची दिवसपाळी बंद. लाल गाडी राहणार होती, पण ती फक्त संध्याकाळी सहानंतर आणि सुटीला निघणार. म्हणजे आमच्या गावातल्या हृदयांनी कामाच्या दिवशी दिवसा बंद पडू नये, एवढीच पालिकेची अपेक्षा होती. फ्राउ आइग्नर यांना निरोपाला फुलांचा गुच्छ आणि सन्मानपत्र मिळालं. सन्मानपत्रावर त्यांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. त्यांनी ते भिंतीवर लावलं, चुकीसकट.

त्यांनी आणि आणखी काहींनी सह्या गोळा केल्या. पुरेशा सह्या झाल्या की पालिकेला गावाचं मतदान घ्यावं लागतं. कराबद्दल मात्र कायद्याने असं मत विचारता येत नाही, म्हणून मतपत्रिकेवर प्रश्न फक्त एवढाच होता: दिवसपाळी पुन्हा सुरू करावी का? कर हा शब्द कुठेच नव्हता. आणि गावात लहान मुलालाही ठाऊक होतं की 'हो' म्हणजे जुना कर परत.

मागच्या वर्षीचा तो शरद आणि त्यामागून आलेला हेमंत मी दारोदार काढला. आयुष्यभर मी मोर्चे, सभा, सत्कार यांच्याकडे खिडकीतून बघत आलो. घोषणा दिली की मला घसा बसल्यासारखं होतं. आणि मी, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, कोट न काढता, फ्राउ आइग्नर यांच्याबरोबर लोकांच्या बेल वाजवून कर मागत होतो. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो, म्हणून पत्रकाचा मसुदा माझ्याकडे आला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हे वॉशिंग मशीनबरोबर मिळतं तसं आहे."

"काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. पण तुमची बायको कुठे आहे यात?"

ती नव्हती. तिला पत्रकात घालायची माझी हिंमत झाली नाही. शरयूच म्हणाली, "घाल की. एकदा मेले होते, एवढं तरी कामाला येऊ दे." मी घातली, दोन ओळींत. त्या दोन ओळी लिहायला एक रविवार गेला.

सप्टेंबरात दारं उघडायची तेव्हा आतून आलुबुखाराच्या केकचा वास यायचा, ऑक्टोबरात भोपळ्याच्या सूपचा. पायऱ्यांवर पानं कुजायची. नोव्हेंबर लागला तसा अंधार लवकर पडू लागला आणि लोक दार अर्धंच उघडू लागले. एका दारातलं तरुण जोडपं फार गोड होतं. "पण आता यासाठी एखादं ॲप असेल ना?" असं त्यांनी विचारलं. फ्राउ आइग्नर म्हणाल्या, "असेल. छाती दाबतं का विचारून बघा."

एका संध्याकाळी मी एकटाच हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुनर यांच्या दारात होतो. कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे.

"कर? आणखी?"

"आणखी नाही. होता तेवढाच, पुन्हा."

"तुम्ही भरता?"

"भरतो. पलीकडच्या रांगेत घर आहे माझं."

"मग तुम्ही 'हो' म्हणणार."

"मला मत नाही. माझा पासपोर्ट भारतीय आहे."

त्यांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. "म्हणजे माझं मत तुम्ही स्वतःसाठी मागताय."

"बायकोसाठी."

"पत्रकातली ती?"

"ती."

आतल्या घड्याळाची टिकटिक दारापर्यंत येत होती. मग म्हणाले, "माझ्या बायकोचंही सकाळीच झालं. तेव्हा गाडी नव्हती गावात. कोणाला मागायची असते हेही माहीत नव्हतं." आणि त्यांनी दार हळू लावलं, जसं झोपलेलं माणूस घरात असताना लावतात.

आपल्या लोकांकडे मी शेवटी गेलो. गावात आमची मराठी घरं मोजकी. सागर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आमच्याच रांगेत त्याने नवं घर घेतलेलं. त्याला इथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा त्याने मोठी पार्टी दिली होती. केकवर दोन झेंडे होते. म्हणजे मत असलेला आमच्यातला तो जवळजवळ एकटाच.

"सर, देतो ना मत, प्रश्नच नाही," तो म्हणाला. "पण खरं सांगू का, आपण कशाला यांच्या राजकारणात? आपण आपलं काम भलं."

"सागर, तुझ्या घरात तुझे आईवडील तीन-तीन महिने येऊन राहतात."

"त्यांचा इन्शुरन्स फुल आहे हो, सर."

"इन्शुरन्स गाडी चालवत येत नाही."

तो हसला. "भारीये. हे पत्रकात टाका." मग त्याची बायको चहा घेऊन आली आणि बोलणं घरकर्जावर गेलं.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली. महापौर साखळी घालून आले, यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. ते म्हणाले, जबाबदारी, भान, समतोल. ते म्हणाले, कुणीही घाबरून जायचं कारण नाही, तातडीच्या प्रसंगी आपल्यासाठी हेलिकॉप्टर आहे. हेलिकॉप्टर हा शब्द उच्चारताना त्यांनी हात किंचित वर नेला, आणि सभागृहातल्या बऱ्याच माना त्या हातामागे छताकडे गेल्या.

मागच्या रांगेतून फ्राउ आइग्नर यांनी उभं न राहता विचारलं, "नोव्हेंबरात?"

सगळे हसले. महापौरही हसले. मी मात्र व्यायामशाळेच्या उंच खिडक्यांकडे पाहिलं. त्यांच्यापलीकडे संध्याकाळपासून काही दिसत नव्हतं. हेलिकॉप्टर धुक्यात उडत नाही. हे हसणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी ते हसत होते. माणसं आपल्याच मरणावर इतकी मोकळेपणाने हसतात तेव्हा त्यांच्याकडून मत कसं मागायचं, हे माझ्या पत्रकात नव्हतं.

मतदानाचा रविवार. डोनाऊने त्या दिवशी हात राखला नाही. चर्चची घंटा वाजत होती पण चर्च नव्हतं. शरयू आणि मी शाळेच्या फाटकाशी उभे राहिलो, नियमाने जेवढं लांब उभं राहायचं तेवढं लांब. धुक्यातून एकेक माणूस काळ्या ठिपक्यासारखं सुरू व्हायचं आणि जवळ येता येता कुणाचातरी चेहरा घ्यायचं. हेर ब्रुनर काठी टेकत आले. माझ्याकडे न बघता आत गेले, आणि न बघताच बाहेर आले. पण जाताना त्यांनी शरयूसमोर टोपी उचलली.

पुष्कळ जण आले नाहीत. म्हाताऱ्यांना ओल्या पानांवरून घसरायची भीती, गाडीवाल्यांना धुक्याची. म्हणजे धुक्यात मदत यावी म्हणून जे मतदान, त्याला लोक धुक्यामुळे आले नाहीत. ही ओळ मी कुठे वाचली असती तर लेखकाने फार ओढून आणलं असं म्हणालो असतो.

इथे मतमोजणी बघायला कुणालाही बसता येतं, मत नसलेल्यालाही. मी शाळेच्या छोट्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लावून बसलो. टेबलावर दोन ढीग होऊ लागले. 'हो'चा ढीग उंच झाला, मग आणखी उंच. मी फ्राउ आइग्नर यांच्याकडे पाहून मान हलवली. त्यांनी हलवली नाही. त्यांना नियम माहीत होता: 'हो' नुसतं जास्त असून चालत नाही, गावातल्या एकूण मतदारांच्या ठरावीक हिश्शाइतकं तरी असावं लागतं.

थोडी मतं कमी पडली. आकडा फळ्यावर खडूने लिहिला, तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. आमच्या गणपतीच्या आरतीला हॉलमध्ये जेवढी मोठी माणसं असतात, साधारण तेवढा.

सागर त्या दिवशी म्युन्शेनला, म्हणजे म्युनिकला होता. दिवाळीनंतरचा मराठी गाण्यांचा कार्यक्रम. "अहो सर, पोस्टाने द्यायचं डोक्यातून पार गेलं," असं सोमवारी म्हणाला. तो खरंच ओशाळला होता, आणि मला त्याच्यावर रागावता येईना. कारण माझ्या टेबलाच्या खणात नागरिकत्वाचा अर्ज होता, पूर्ण भरलेला, तीन वर्षांपासून. सही तेवढी नव्हती. झेंड्यांची, पदकांची, राष्ट्रगीताला ताठ होणाऱ्या पोटांची मी आजवर भरपूर थट्टा केली. पण तो निळा पासपोर्ट परत करायचा म्हटलं की माझ्या हातातलं पेन थांबायचं. "दिवाळीनंतर बघू" म्हणायचो. प्रत्येक वर्षी दिवाळी होऊन जायची. आमच्या आरतीतल्या कितीजणांच्या खणात असे अर्ज असतील मला ठाऊक नाही. आम्ही एकमेकांना ते कधी विचारलं नाही. मोदकांची ऑर्डर मात्र महिनाभर आधी देतो.

जानेवारीत मी सही केली. कचेरीचं उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. अजून आहे.

तर हे यंदाचं धुकं. लाल गाडी दिवसा शेडमध्येच असते. इरा आता पंधरा वर्षांची आहे, आणि सकाळी शाळेला निघताना आईकडे एक नजर टाकते, जी पंधराव्या वर्षाला शोभत नाही. मी काही म्हणालो तर खांदे उडवते: "बाबा, आलेस गुट." सगळं ठीक. शरयू गोळ्या घेते, फिरायला जाते, आणि मला छळायला अधूनमधून छातीवर हात ठेवून "पित्त" म्हणते. तो शब्द मी घरातून हद्दपार केला होता. तिने तो परत आणला. म्हणते, मला भीती वाटत नाही असं नाही, पण तुझी भीती सांभाळण्यात माझी राहून जाते.

फ्राउ आइग्नर यांच्याशी आमचा न बोललेला करार आहे. आमच्या स्वयंपाकघराचा रोलाडेन साडेसातला वर गेला की त्यांच्या खिडकीतला दिवा एकदा विझून पुन्हा लागतो. बास. गावाने बंद केलेल्या दिवसपाळीचं एवढंच शिल्लक आहे: एक पडदा आणि एक दिवा.

आज मी पडदा उठवला आणि दिवा दिसला नाही. दिवाच नव्हे, रस्ताही दिसला नाही. मी खिडकीशी उभा राहिलो. मागे कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकलो. मग धुक्यात काहीतरी गडद सुरू झालं, वाढलं, आणि फाटकाशी येऊन फ्राउ आइग्नर झालं. अंगात घरातला झगा, वर कोट.

"रोलाडेन दिसेना," त्या दारातच म्हणाल्या. "म्हणून आले. कंदील दिसला."

त्या धापा टाकत होत्या. चाळीस पावलांना एवढी धाप लागत नाही. शरयूने खुर्ची ओढली. त्या बसल्या आणि तळहात छातीच्या मधोमध ठेवून चोळू लागल्या, मग आमच्याकडे बघून हसल्या. "काही नाही, पोटाचं आहे. काल रात्री भाजलेलं मांस जरा जास्त खाल्लं."

शरयूने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. दोन वर्षांत आम्ही इतकं स्पष्ट काही बोललो नव्हतो. किल्ली दारामागच्या खिळ्याला होती. हात तिकडे गेला नाही. मी फोन उचलला आणि एकशेबारा लावलं. रस्त्याचं नाव, घराचा क्रमांक, वय. फ्राउ आइग्नर रागाने हात हलवत होत्या. "अहो, वेडे आहात का? पोट आहे माझं ते. उगाच त्या पोरांना एवढ्या लांबून..."

"उगाच त्रास," शरयू मराठीत म्हणाली. "मीही हेच म्हटलं होतं."

मग आम्ही वाट पाहिली. शरयूने त्यांचा हात धरला होता. मनगटावर बोटं होती, नाडी बघायला शिकवलेली. मी दाराबाहेर कंदिलाखाली उभा राहिलो, मग आत आलो, मग पुन्हा बाहेर. चहा झाला, त्यावर साय धरली. तो ओतून दुसरा केला, तोही गार झाला. धुक्यात लांबून सायरन येतो तेव्हा तो कुठल्या दिशेने येतोय हे कळत नाही. एकदा तो जवळ आला आणि पुन्हा लांब गेला. वाट चुकली असणार. त्या वेळात मी डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य किती तऱ्हांनी पुरं केलं, सांगत नाही. या वेळी शेजारच्या सीटवर फ्राउ आइग्नर होत्या.

शेवटी ते आले, दोन तरुण, भिजलेल्या केसांचे. फ्राउ आइग्नर यांना सोफ्यावर आडवं करून तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि एकाने हसून सांगितलं की हृदय ठणठणीत दिसतंय, पोटच असावं, तरी डॉक्टरांना दाखवून घ्या. शरयू जमिनीवर बसली, त्याच कपाटाला टेकून.

फ्राउ आइग्नर यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही. सोफ्यावर आडव्या, झग्याची बटणं लावत त्यांनी त्या पोरांना विचारलं, "किती मिनिटं लागली?"

"नेबेल," तो म्हणाला. धुकं. आणि तारा गुंडाळू लागला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं होतं. ते मी दोन वर्षं पाहतोच आहे. त्या आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा माझ्या हातातला पेला अजून हातातच होता, आणि आज दोन चहा गार झाले होते.

"फार नाही," मी म्हणालो.

त्यांनी शेवटचं बटण लावलं. मग म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे आता कळलं आपण का हरलो. तुम्हाला साधं खोटंसुद्धा बोलता येत नाही."

पोरं निघाली. मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलो. गाडी सुरू झाली, निळा दिवा एकदा फिरला, आणि पाच-सहा पावलांवर धुक्याने तो पुसून टाकला.

कंदील यंदा त्रिपुरी पौर्णिमेलाही उतरवणार नाही.